दगडाच्या भरवशावरची गाडी

या, असे जवळ सरका. टाळ घटकाभर मांडीवर राहू द्या. आज एका तुटक्या तारेची गोष्ट सांगतो. लहानच आहे, पण तिच्यात एका माणसाचा जीव गेला आहे आणि एका पोराचा जीव अडकला आहे.

शिरूरला बाजार समितीच्या मागं सिद्दीक मिस्त्रींचं गॅरेज. एका सकाळी निमोण्याहून जुनी पांढरी मोटार ट्रॅक्टरला बांधून तिथं आली. सोबत अंजनाबाई होत्या. गाडी सिद्दीकनं लांबूनच ओळखली. अंजनाबाईंच्या नवऱ्याची, कोंडिबाआप्पांची. वर्षामागं याच गाडीनं आप्पांना दारातल्या भिंतीशी चेंगरलं होतं, आणि मातीला सिद्दीकही गेला होता.

झालं होतं असं. मुलगा सतीश बाजाराहून आला, दारातल्या उतारावर गाडी लावली नि पोतं घेऊन आत गेला. आप्पा गाडीच्या मागं उभे होते. गाडी सरकली. लोक धावले, गाडी पुढं ढकलली. त्या गडबडीत कुणाचा हात कशाला लागला, कुणाला सांगता येईना. नंतर बघितलं तर हँडब्रेक खाली. गाव म्हणालं, पोरानं ब्रेक ओढलाच नाही. सतीश आधी ठामपणे म्हणत होता, ओढला होता म्हणून. ऐकून ऐकून त्याचं त्यालाच खात्रीनं सांगता येईना. कार्य उरकलं तसा तो दौंडला बहिणीकडं, गौतमीकडं गेला, तो परत फिरलाच नाही.

अंजनाबाई म्हणाल्या, "सिद्दीकभाई, गाडी पळती करा म्हणून न्हाई आणली. माझ्या लेकानं ब्रेक वढला व्हता का न्हाई, येवढंच सांगा."

सिद्दीकनं मागची बाजू जॅकवर उचलली, हँडब्रेक ओढला. दांडा हलकाच वर आला, आणि मागची दोन्ही चाकं हातानं फिरवली तशी मोकळी फिरली. अशा वेळी सगळे दांड्याखालचा नट आवळतात. पण आवळायला दांड्यापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारी तार जागेवर तर हवी. गोणपाट अंथरून तो गाडीखाली शिरला.

चाकाचा चिखल उडतो तिथं केबलचं वरचं कव्हर फाटलं होतं. आतली तार गंजून तुटली होती. त्यानं कव्हर कापलं, तुटकं टोक उजेडात धरलं. बरेचसे धागे गंजानं खाल्लेले, बोटात भुगा होणारे. पण तीनचार धागे सुईसारखे निमुळते होऊन तुटले होते. गंज खातो, ताणत नाही. ताणायला हात लागतो.

कुणाचा हात? सिद्दीकला आप्पा आठवले. आप्पा गाडी लावत आणि चाकामागं दगड ठेवत. ब्रेकला हात लावत नसत. सिद्दीक चिडवायचा, "आप्पा, ब्रेक काय नातवाच्या लग्नासाठी ठेवलाय?" आप्पा म्हणायचे, वापरलं की झिजतं, दगडाचं काय झिजतंय. दोघं हसायचे. हसण्यावारी नेलं, पण तेव्हा एकदा खाली शिरून बघितलं नाही, हे सिद्दीकला आता लागलं.

हात पुसत तो बाईंसमोर बसला. "वहिनी, आप्पा ब्रेक कवाच वढत नव्हते. त्यांच्यामागं गाडीला कुणी हात लावला न्हाई. मग ही तार ताणून तुटली ती कुणाच्या हातानं? सतीशनं वढला व्हता. चांगला जोरानं वढला व्हता. उरल्या तीनचार धाग्यांनी घडीभर गाडी धरली, मग तेबी तुटले."

मग खाली बघत तो म्हणाला, "वापरात असती तर सडली नसती."

बाईंना कळलं, आप्पांनी ब्रेक कधी वापरला नाही म्हणूनच तार सडली होती. पदर तोंडाशी धरून त्यांनी ती तार हातात घेतली. सिद्दीकनं सुचवलं, की पोराला शेवटचं तेवढं नाही सांगितलं तरी चालेल.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "अर्ध्या खऱ्यावर पोरगं घरी यायचं न्हाई. मीच सांगते. बाप त्याचा व्हता, पण नवरा माझा व्हता."

तार कागदात गुंडाळून त्या तशाच दौंडच्या एसटीत बसल्या.

सिद्दीकनं मागच्या चाकांचे ब्रेकचे ड्रम उघडले. ड्रमला आतून धरणारे लायनर बदलले, ते आधी जागेवर बसवले, मग नवी केबल ओढून शेवटी दांड्याखालचा नट आवळला. हा क्रम त्यानं कधी मोडला नाही.

त्या आठवड्यातच मायलेक आले. सतीश वाळला होता. सिद्दीकनं किल्ली त्याच्या हातात दिली आणि नदीकडच्या उतारावर गाडी न्यायला सांगितली. सतीशनं गाडी थांबवली, ब्रेक ओढला. उतरायला मात्र त्याचा पाय निघेना. अंजनाबाई आपण होऊन उतरल्या आणि गाडीच्या मागं, जिथं आप्पा होते तशाच, उभ्या राहिल्या.

मग सतीश उतरला. गाडी तसूभर हलली नाही. तो आईजवळ आला, आणि कडेचा एक दगड उचलून त्यानं चाकामागं ठेवला. सिद्दीक म्हणाला, आता याची गरज नाही.

"असू द्या," अंजनाबाई म्हणाल्या. "ह्यांची आठवण हाय ती."

तर मंडळी, उतारावर गाडी लावाल तेव्हा ब्रेक ओढा, रोज ओढा. आणि वाटेत कुठं चाकामागं ठेवलेला दगड दिसला, तर आपल्या कोंडिबाआप्पांची घडीभर आठवण ठेवा.