पिना नसलेला स्टेपलर

भिमाजी गायखे यांनी अकरा वर्षं ऑफिसात काढली आणि एकाही कागदाला पिन मारली नाही. ऑफिसच खोटं होतं, त्याला ते काय करणार? टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत ते मोहाडकर नावाचे हेडक्लार्क होते. कुणी स्टेपलर मागितला की मोहाडकर तो छातीशी धरायचे आणि म्हणायचे, "सही करून न्या." एवढ्यावर लोक पोट धरून हसायचे. मग मालिका बंद झाली, सेटच्या भिंती ट्रकमध्ये चढल्या, आणि भिमाजी बावन्नाव्या वर्षी नाशिकला सिडकोतल्या आपल्या दोन खोल्यांत परत आले. येताना त्यांनी तेवढा स्टेपलर मागून आणला.

स्टेपलर दिसायला झकास होता, पण पोटात काही नाही. पहिल्याच आठवड्यात एका नटाच्या बोटात पिन घुसली होती, तेव्हापासून सेटवर पिना बंद. भिमाजी अकरा वर्षं रिकामाच दाबत राहिले.

बाकी सगळं मात्र खरं असायचं. गोंदाची बाटली, शिक्क्याचं पॅड, हिरव्या टॅगच्या जुड्या, कोऱ्या रजिस्टरचा वास. आणि एक वाजता खोट्या टेबलांवर खरे डबे उघडायचे. आठ-दहा जण एकमेकांच्या भाजीत हात घालायचे. भिमाजींनी लग्न केलं नव्हतं. त्यांचं घर म्हणाल तर ते जेवणच होतं. आता एक वाजता ते कॅलेंडरकडे तोंड करून जेवत. मालिकेतल्या मंडळींच्या ग्रुपवर आता फक्त वाढदिवसाचे केक येत.

त्यांना फार एकटं वाटे, आणि खरी पंचाईत पुढेच होती. कुणाला सांगायची सोय नव्हती. एकदा किराणा दुकानात त्यांनी सहज म्हटलं, "घरात करमत नाही हो." दुकानदार गल्ल्यावर हात आपटून हसला आणि म्हणाला, "मोहाडकर, एक नंबर."

अशात अंबडच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. तिथला हर्षल नावाचा तरुण अधिकारी फोनवर म्हणाला, "सर, खंडेनवमीला आमच्याकडे या ना. यंत्रांची पूजा असते, ऑफिसचीही करतो. तुम्ही आलात तर मजा येईल."

भिमाजींनी मनात वेगळंच धरलं. त्या रात्री त्यांनी नोकरीचा अर्ज लिहिला. एका पानावर अर्ज, दुसऱ्यावर आपली माहिती. चार वेळा खाडाखोड करून पाचव्यांदा सुवाच्य उतरवला, शर्टाला इस्त्री केली, आणि खंडेनवमीला स्टेपलर पिशवीत घालून निघाले. हत्यारांची पूजा, तर आपलंही हत्यार न्यायला नको?

कारखान्यात लेथ मशीनपासून हातोड्यापर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा होत्या. ऑफिसात एका टेबलावर कीबोर्ड, कॅल्क्युलेटर, पंचिंग मशीन आणि शिक्के हळदीकुंकू लावून मांडले होते. स्टोअर सांभाळणाऱ्या लताबाईंनी किल्ल्यांचा जुडगा ठेवला. भिमाजींनी शेजारी आपला स्टेपलर ठेवला. आरती झाली, नारळ फुटला, आणि हर्षलने माइक त्यांच्या हातात दिला.

"मला इथं काम हवं आहे," भिमाजी म्हणाले.

पहिला हशा तिथेच आला.

"साधं काम चालेल. कागद लावीन, फायली ओळीनं ठेवीन. एक वाजता तुमच्याबरोबर डबा खाईन. घरी मी एकटा असतो, दिवस जात नाही."

लोक एकमेकांच्या खांद्यावर पडून हसू लागले. भिमाजींना घाम फुटला. पण अंगवळणी पडलेली गोष्ट जाते कुठे? हशा ओसरेपर्यंत ते बरोबर थांबले, मान किंचित तिरकी केली आणि खिशातून अर्ज काढला. तेव्हा तर हसून हसून हर्षलच्या डोळ्यांतून पाणी आलं. मागून कुणीतरी ओरडलं, "सही करून न्या." टाळ्या काही थांबेनात. त्यांना शाल आणि नारळ मिळाला. अर्ज कुणी घेतला नाही.

पूजेतली हत्यारं दसरा होईपर्यंत उचलायची नसतात, म्हणून स्टेपलर तिथेच राहिला. दसऱ्याला भिमाजींनी आपट्याची पानं आणून ताटात ठेवली. सोनं द्यायला दारात कुणी आलं नाही. फोनवर मात्र कारखान्यातल्या त्या भाषणाचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ बारा जणांनी पाठवला. खाली हसून लोळणारे चेहरे. दिंडोरीहून धाकट्या भावाचा फोन आला. "लय हसलो राव. द्राक्षाची छाटणी चालू हाय, मागून बोलतो," म्हणाला आणि ठेवून दिला. तो मागून बोलणार नाही हे भिमाजींना माहीत होतं. तरी त्यांनी फोन संध्याकाळपर्यंत जवळच ठेवला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्टेपलर आणायला गेले. स्टोअरच्या खिडकीपलीकडे लताबाई बसल्या होत्या. त्यांच्यामागे कपाटात पिनांच्या डब्या, पेन्सिली, पट्ट्या, नवी कोरी रजिस्टरं अशी लावली होती की भिमाजींना खिडकीपासून हलावंसं वाटेना.

लताबाईंनी स्टेपलर फडक्यानं पुसून पुढे ठेवला. "पिना नव्हत्या त्याच्यात. भरल्यात. जपून दाबा."

"तुम्ही हसला नाहीत का परवा?" भिमाजींनी विचारलं.

"हसले ना. समदे हसले म्हणून मीबी हसले. घरी गेल्यावर भाकरी थापताना ध्यानात आलं, या माणसाच्या हातात खराच अर्ज हुता. आणलाय का?"

अर्ज खिशातच होता. लताबाईंनी चष्मा लावला आणि दोन्ही पानं सावकाश वाचली. त्या वाचत असताना भिमाजी खिडकीची कड घट्ट धरून उभे होते.

"अक्षर चांगलं हाय," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढला. "पण जागा नाय, भाऊ. मी मार्चात रिटायर होते, ती जागाबी भरणार नाय म्हणत्यात. कंप्युटरवर घेतील समदं. तुमाला आशा लावून ठिवत नाय."

"बरं," भिमाजी म्हणाले.

"वाईट वाटलं का?"

"वाटलं."

लताबाईंनी मान हलवली आणि रजिस्टर पुढे सरकवलं. वस्तू बाहेर जायची तर सही लागते. तारीख, वस्तू, नाव त्यांनी स्वतः लिहिलं. 'विभाग' या रकान्यापाशी त्यांचं पेन क्षणभर थांबलं, मग त्यांनी 'बाहेरचे' असं लिहिलं. भिमाजींनी त्यापुढे सही केली. मोहाडकरांची नव्हे, स्वतःची.

घरी पोचले तेव्हा एक वाजत आला होता. त्यांनी अर्जाची दोन्ही पानं एकावर एक नीट जुळवली, कोपऱ्यावर स्टेपलर ठेवला आणि दाबला. खट् आवाज झाला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कागदाला कागद लागला होता. बोट फिरवलं तर पिनेची टोकं मागे व्यवस्थित वळलेली होती.

लताबाईंनी त्यांना सरळ नाही म्हटलं होतं. परत आल्यापासून त्यांच्या बोलण्याला कुणी दिलेलं हे पहिलं खरं उत्तर. भिमाजींना त्याचं बरं वाटलं, मग एकदम रडू आलं, आणि ते मोठ्यानं रडले. या खेपेला हसायला खोलीत कुणी नव्हतं.