डॅशबोर्डातली सून

बैशेनच्या गाडीला काय रोग जडला होता ते कुणालाच सांगता येईना. संध्याकाळी गाडी धडधाकट घरी यायची, रात्रभर अंगणात उभी राहायची आणि सकाळी चावी फिरवली की नुसतं टक् करून गप्प. बॅटरी पार उतरलेली. एका मेकॅनिकने नवी बॅटरी घालायला लावली, तीही तशीच उतरू लागली. दुसऱ्याने डायनॅमो बदलला. शेजारणीने दृष्ट काढली, गाडीभोवती जुनिपरच्या डहाळीचा धूर फिरवला. तिने निदान काही बिघडवलं तरी नाही.

नारिनच्या डोंगराळ मुलखातल्या थंडीत गावची माणसं बॅटरी काढून रात्री घरात आणतात, चुलीजवळ ठेवतात. बैशेनही आणायचा. पण एका सकाळी पायरीवरच्या बर्फावरून तो घसरला. बॅटरी छातीशी धरून वाचवली आणि डावं मनगट मोडून घेतलं. आता प्लास्टरातल्या हाताने ना नट सुटे, ना बॅटरी उचलवे. गाडी मात्र तो एका हाताने चालवायचा, तिला गिअर बदलायची भानगड नव्हती. ती फक्त सुरू व्हायला हवी होती.

आणि व्हायलाच हवी होती. पानगळीच्या दिवसांत त्याच्या बायकोला, कालिमानला, झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. जिच्या जिभेला सगळं गाव टरकून असायचं, ती आता चहा हवा की नको हेही सांगू शकत नव्हती. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बोलण्याच्या व्यायामाला इथे यायचं चुकवू नका. जे परत यायचं ते ह्या हिवाळ्यातच येईल." गावातल्या बाकीच्या गाड्या उजाडायच्या आत कामाला निघून जायच्या. गाडी रुसली की व्यायाम बुडाला. असे कितीतरी बुडाले होते, आणि बैशेन दर वेळी त्या मेल्या गाडीच्या टपावर मूठ आपटून परत यायचा.

गाडी जुनी, जपानहून आलेली. तिच्यात एक बाई राहायची. चावी फिरवली की डॅशबोर्डातून गोड आवाजात म्हणायची, "कादो गा सोन्यू सारेते इमासेन." अर्थ कुणाला ठाऊक? मुलगा रशियाला गेला तो तिकडचाच झाला, लग्नाचं नाव काढत नव्हता. म्हणून कालिमानने ह्या बाईलाच सून करून टाकलं होतं. "पोराने आणली नाही ती गाडीने आणली," ती म्हणायची. "आल्या-गेल्याला वाकून सलाम करते, उलट बोलत नाही. आणखी काय पाहिजे?" आणि प्रत्येक वेळी सासूच्या तोऱ्यात आशीर्वाद द्यायची, "औक्षवंत हो, पोरी!"

झटक्यानंतर तो आवाज आला की कालिमानचं तोंड वाकडं व्हायचं आणि घशातून "औ… औ…" असं कण्हणं निघायचं. बैशेनला वाटायचं, तिला आता आवाजाचा त्रास होतो. बिचाऱ्याला दुसरं काय वाटणार? हसू आणि कळ यांतला फरक त्या चेहऱ्यावर राहिलाच नव्हता.

शेवटी कुणीतरी उलार नावाच्या वायरमनचं नाव सुचवलं. त्याने बॅटरीच्या तारेत मीटर लावला, उघड्या दाराच्या कुलपात स्क्रू-ड्रायव्हर खुपसला.

"हे कशाला?" बैशेनने विचारलं.

"दार लागलंय असं वाटू दे गाडीला, अक्साकाल. ती झोपल्याशिवाय वीजचोर सापडायचा नाही." वडीलधाऱ्या माणसाला तिकडे अदबीने अक्साकाल म्हणतात.

मग तो एकेक फ्यूज उपटत गेला. दिव्यांचा नाही, हॉर्नचा नाही, टेपचा नाही. एक छोटा फ्यूज निघाला आणि मीटरवरचा आकडा धपकन खाली आला. त्या तारेचा माग काढत उलार डॅशबोर्डात शिरला आणि तळहाताएवढी डबी ओढून वर आला.

"हात लावून बघा. गाडी गार आणि ही कोमट! रात्रभर जागी राहून बॅटरी पिते."

"म्हणजे सूनबाईच?" बैशेन हसला. किती दिवसांनी हसला! "काढून टाक. म्हातारीलाही आता तिचा जाच होतो."

"काय म्हणते ते ठाऊक आहे का? टोलचं कार्ड घातलेलं नाही, म्हणते."

"अरे देवा! पोरगी इतकी वर्षं काहीतरी मागतेय, आणि आम्ही नुसत्या आशीर्वादावर बोळवतोय!"

उलारने तारा कापल्या, टोकांना पट्टी गुंडाळली.

दुसऱ्या सकाळी गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. बैशेनला रडूच यायचं बाकी होतं. "बघ म्हातारे, आता एकही दिवस चुकणार नाही!"

कालिमान त्याच्याकडे बघत नव्हती. ती डॅशबोर्डाकडे बघत होती. आवाज आला नाही. मग डावा हात लांबवून, जिथून आवाज यायचा त्या झाकणावर तिने बोटाने टकटक केलं, आणि जीव एकवटून म्हणाली, "औ… औक्ष…"

डॉक्टरीणबाईंपुढे इतके दिवस तिने ओठसुद्धा हलवले नव्हते.

व्यायाम आटोपताच बैशेन तडक उलारकडे गेला. "जोड ती परत. रात्री फ्यूज काढत जाईन, सकाळी घालत जाईन. एका हाताने तेवढं जमेल मला."

उलारने भंगाराच्या डब्यातून डबी शोधली, तारा जोडल्या. काही नाही. उघडली, तर आत हिरवा गंज.

"गचकली, अक्साकाल. कशीबशी चालत होती, हलवली आणि गेली."

"दुसरी?"

"आपल्याकडे ह्यांचा उपयोग काय? गाडी आली की लोक पहिल्यांदा हीच फेकतात."

पुढच्या व्यायामाच्या दिवशीही गाडी झटक्यात सुरू झाली. कालिमानने झाकणावर टकटक केलं आणि कान देऊन बसली. ह्या खेपेला ती काहीच बोलली नाही. कुणी सलामच केला नाही तर सासूने आशीर्वाद द्यायचा कुणाला?

बैशेनने घसा खाकरला. शरमेने त्याचे कान तापले. "कादो गा…" तो म्हणाला, "सोन्यू… सारेते इमासेन."

कालिमानने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा झाकणाकडे वळली.

इंजिन सुरेख चालत होतं. व्यायामाची वेळ टळत होती. बैशेनने आवाज बारीक केला, बायकी केला आणि पुन्हा म्हणाला. मग पुन्हा.