डावीकडचा हात

“हाताचं काय झालं?” वडिलांनी फोनवर विचारलं.

बत्तिशीच्या डाव्या हातात कुणाचा तरी प्लास्टरचा जबडा होता आणि उजव्या हातात मेण कापायचा, गरम केलेला चाकू. फोन खांद्याने कानाशी दाबून धरत तो म्हणाला, “बाबा, कामात आहे मी. संध्याकाळी बोलू.”

“उद्या ताई न्यायला येतेय मला.”

“माहितीय.”

“मग हात कधी देणार?”

“बघतो,” असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि पुन्हा जबड्यात डोकं घातलं.

तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवत, हा त्यावर मेण चढवून एकेक दात बसवत असे. ‘उजेड’ नावाच्या ऑनलाइन फोटोग्राफी ग्रुपवर त्याने ‘बत्तिशी’ हे नाव गमतीने घेतलं होतं. आता ते इतकं चिकटलं होतं की बायकोही रागावली की त्याच नावाने हाक मारायची. दिवसभर दुसऱ्यांचे दात आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा, असा त्याचा संसार. दातांचं कुणी कौतुक करत नाही. कवळी छान बसली तर माणूस ती विसरतो, आणि टोचली तर शिव्या घालतो. फोटोला मात्र लोक ‘वा’ म्हणतात. त्या एका ‘वा’साठी बत्तिशी काहीही करायला तयार असे, आणि तिथेच सगळं बिनसलं.

आई जाऊन दोन महिने झाले होते. घरात मुलाला फोटोंचं एवढं वेड, पण आईचा धड एक फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की तिला स्वयंपाकघरात काम आठवायचं. “माझं थोबाड काय बघायचंय? म्हाताऱ्याचे काढ,” म्हणायची. ओळखपत्रावरच्या फोटोत ती अशी दिसत होती की पोलीस तिच्या मागावर असावेत. लग्नाच्या फोटोत मान खाली, नुसता भांग दिसतोय. वडिलांनी दोन्ही बाजूला सारले. “ही ती नव्हेच,” ते म्हणाले. “तो तुझा बक्षीसवाला फोटो आहे ना, त्यात हात होता तिचा. मला तू दाखवला होतास. तो दे.”

तो फोटो मोठा करून दिवाणखान्यातच लावलेला होता. खिडकीशी बसलेले वडील, तोंडावर सकाळचं ऊन, आणि डावीकडे वर, कुठेतरी लांब लागलेली नजर. ग्रुपवर लोकांनी त्या नजरेवर काय काय लिहिलं होतं! कुणाला त्यात अनंत दिसलं, कुणाला वार्धक्याचं एकाकीपण. एका बाईंना तर रडू आलं. खरी गोष्ट एवढीच की वडिलांचा चष्मा हरवला होता आणि चष्म्याविना त्यांना समोरचं कपाटही अनंतासारखंच दिसायचं. आई आतून आली, त्यांच्या डोक्यावरचा चष्मा काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, “अहो, घ्या. डोक्यावरच होता.” त्यांनी वर बघितलं. बत्तिशीने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. डाव्या कडेने आईचा हात फोटोत आला, मनगटापर्यंत, दोन बोटांत चष्मा धरलेला.

त्याने तो तसाच ग्रुपवर टाकला होता. कौतुकाची वाट बघत बसला, आणि पहिली कमेंट आली ती कात्रीची.

कात्री म्हणजे ‘उजेड’वरचा सगळ्यात खत्रूड माणूस, धंद्याने फ्रेमवाला. स्वतःचा एक फोटो कधी टाकणार नाही, पण दुसऱ्याचा दिसला की उतरवून घेणार, कापणार आणि खाली चिकटवून लिहिणार, ‘आता बघा.’ नवशिक्यांना त्याने रडवलं होतं, जुन्यांना पळवून लावलं होतं. वाईट हे की कापलेला फोटो बहुतेक वेळा खरंच बरा दिसायचा. बत्तिशीचं आणि त्याचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं नातं. कात्रीने त्या दिवशी लिहिलं, ‘डावीकडचा हात कापा. उगाच मध्ये घुसलाय.’ आणि खाली हाताविना फोटो.

बत्तिशी दातओठ खात बसला. मग त्याने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बघितले, आणि त्याला पटलं. तेच तर त्याला सहन होईना. त्याने ग्रुपवरची ती पोस्ट कमेंटसकट पुसली, आपल्या मूळ फोटोतला हात कापला, आणि नव्या फाइलला वेगळं नाव न देता जुन्याच्याच डोक्यावर ती ठेवून दिली. कॅमेऱ्यातलं कार्ड त्याआधीच पुसून झालं होतं. वर्षाच्या स्पर्धेत ‘प्रतीक्षा’ नावाने तो फोटो पहिला आला. तेव्हा कात्रीने लिहिलं, ‘सल्ला देणाऱ्याचे आभार मानायची पद्धत असते.’ यावर बत्तिशीने सगळ्यांदेखत उत्तर दिलं, ‘फोटो माझा, बोटं माझी. तुमचं फक्त तोंड. फ्रेमा विका.’ त्याला शंभरावर हसरे चेहरे मिळाले. त्या दिवशी त्याला फार बरं वाटलं होतं.

आता हात नव्हता. कॉम्प्युटरवर नाही, कार्डावर नाही, ग्रुपवर नाही. दोन महिने त्याने सगळं उलथंपालथं केलं होतं. परवा वडील त्या मोठ्या फोटोसमोर उभे राहून म्हणाले, “हा ताईकडे नेला तर लोक विचारतील, म्हातारा खुळ्यासारखा कुणाकडे बघतोय? मी काय सांगू?”

मूळ फोटो जगात एकाच माणसाकडे असू शकत होता, आणि तो कुणाकडे हे बत्तिशीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

“अहो,” लॅबच्या मालकीणबाई त्याच्या टेबलाशी थांबल्या. “हे काय केलंत?”

त्याने खाली बघितलं. डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला होता आणि उजवीकडचा डावीकडे.

“या बाईंनी यानं चावायचं की लोकांना घाबरवायचं?” मालकीणबाई म्हणाल्या. “लक्ष कुठेय तुमचं?”

एरवी याच कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळे दात सरळ रेषेत लावले तर कवळी खोटी दिसते; एखादा दात जरासा वाकडा, जरासा मागे ठेवला तरच माणूस हसताना आपल्यासारखा हसतो. हे त्याला कळत होतं. दातांत कळत होतं, फोटोत कळलं नाही, आणि या विचाराने आज सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याने मेण वितळवून दोन्ही सुळे उपटले, एप्रन काढला आणि म्हणाला, “मला अर्धा दिवस सुट्टी हवीय.”

कात्रीचं दुकान शोधावं लागलं नाही. त्याची टिंगल करताना ग्रुपवर कुणीतरी पाटीचाच फोटो टाकला होता. दुकान अरुंद होतं. भिंतींवर लाकडी पट्ट्यांचे कोपरे टांगलेले, खाली काचा उभ्या लावलेल्या, सगळीकडे सरसाचा वास. एक किरकोळ अंगाचा म्हातारा स्टीलच्या पट्टीला लावून जाड पुठ्ठा कापत होता. त्याने वर बघितलं नाही.

“काय करायचंय?”

“मी बत्तिशी.”

पातं थांबलं. म्हाताऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “दात दिसले नाहीत, म्हणून ओळखलं नाही. ग्रुपवर फार विचकता.”

बत्तिशीने येताना वाक्यं जुळवली होती. ती सगळी पळाली. “तो फोटो हवाय. कापायच्या आधीचा. हात असलेला.”

“कोणता? ‘प्रतीक्षा’?” कात्री म्हणाला. “फोटो तुमचा, बोटं तुमची. माझं फक्त तोंड. तोंडात काही फोटो मावत नाहीत.”

“चुकलं माझं. तुमच्याकडे आहे का तो?”

“आहे. मी कापतो, फेकत नाही. आधीचा आणि नंतरचा, सगळ्यांचे आहेत.”

“मग द्या ना. हात जोडतो.”

“इथं कशाला जोडता? इथं कोण बघतंय?” कात्रीने पातं पुन्हा पुठ्ठ्यात रोवलं. “शिव्या ग्रुपवर दिल्यात, पोस्ट ग्रुपवर पुसलीत. मागा ग्रुपवर.”

बत्तिशीचे कान तापले. तो बाहेर पडला आणि कोपऱ्यापर्यंत तरातरा चालत गेला. जाऊ दे मसणात, असं त्याला वाटलं. वडिलांना काय, सांगता येईल काहीतरी. मग त्याला परवाची, वाकून मोठ्या फोटोची डावी कड बघणारी वडिलांची पाठ आठवली आणि तो परत येऊन दुकानाच्या पायरीवर बसला. फोन काढून त्याने लिहिलं, ‘काही तांत्रिक कारणाने मूळ फाइल खराब झाल्यामुळे’. पुसलं. ‘मित्रहो, एक गंमत झाली’. तेही पुसलं. अंगठा नुसता पडद्यावर फिरत होता. शेवटी त्याने लिहिलं:

‘प्रतीक्षा या फोटोत डावीकडे माझ्या आईचा हात होता. तो कापा असं कात्रींनी सांगितलं. कापला मी. त्यांचं श्रेय लपवायला ती पोस्ट पुसली. आई आता नाही. तिचा दुसरा धड फोटो नाही. कात्रींकडे मूळ फोटो आहे, तो त्यांनी मला द्यावा.’

त्याने डोळे मिटून बटण दाबलं. आत दुकानात कात्रीचा फोन टिंगकन वाजला.

मग इतरांच्या कमेंटी सुरू झाल्या. ‘हात दाखवून अवलक्षण!’ ‘म्हणजे बक्षीस कात्रीचं का?’ ‘परत घ्या बक्षीस.’ ज्यांच्या फोटोंवर बत्तिशीने तोंडसुख घेतलं होतं ते सगळे आज वसुलीला आले होते. फोन मुंग्यांच्या वारुळासारखा वळवळत होता. त्याने तो खिशात कोंबला आणि आत गेला.

कात्री फोन डोळ्यांजवळ धरून वाचत होता. वाचून झालं असावं, तरी त्याने मान वर केली नाही.

“आईचा होता?”

“हो.”

“तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तेव्हा आई होती हो,” बत्तिशी म्हणाला. “हाताचं काय एवढं वाटणार?” आणि त्याचा आवाज फाटला. दोन महिन्यांत तो कुणासमोर रडला नव्हता. रडला तो या माणसासमोर. कात्रीने पट्टी उगाच इकडची तिकडे केली, स्टूल पायाने पुढे सरकवलं आणि पाठ फिरवून कॉम्प्युटर सुरू केला.

“मला वाटलं, कुणीतरी चुकून मध्ये आलंय,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “मला फोटो काढता येत नाहीत. जास्तीचं काय आहे ते तेवढं दिसतं.” मग, जणू राहवलं नाही म्हणून, “आणि फोटो म्हणून तो हात वाईटच आहे. अजूनही सांगतो.”

“असू दे वाईट.”

फोटो उघडला. हात होता. अंगठ्याजवळचा भाजल्याचा जुना डाग, नखाला लागलेलं पीठ, दोन बोटांत हलकेच धरलेला चष्मा. बत्तिशीने स्वतः काढलेल्या फोटोत हे पीठ त्याला कधी दिसलंच नव्हतं.

“मोठा होणार नाही,” कात्री म्हणाला. “ग्रुपवरून घेतलेला, बारका आहे. तळहाताएवढा काढू. त्याहून वाढवला तर बोटं विरघळतील.”

फोटो छापून निघाला. कात्रीने पुठ्ठा घेतला, पट्टी ठेवली आणि पातं टेकवून तसाच थांबला. आयुष्यभर लोकांच्या कडा छाटलेल्या त्या माणसाने विचारलं, “डावीकडे जागा किती सोडू?”

“भरपूर,” बत्तिशी म्हणाला.

घरी आला तेव्हा वडिलांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. वडील खिडकीशी त्यांच्या खुर्चीत बसले होते, ऊन उतरलं होतं. खिशात फोन अजून धुमसत होता. त्याने कागदात गुंडाळलेली छोटी फ्रेम काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

“सापडला?”

“हो. थोडा लहान आहे.”

वडिलांनी फ्रेम जवळ धरली, लांब धरली, उजेडाकडे तिरकी केली. “काही दिसत नाही रे. चष्मा कुठे गेला माझा? आत्ता तर होता.” ते खुर्चीच्या दोन्ही बाजूंना चाचपू लागले.

चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. बत्तिशी त्यांच्या डावीकडे उभा होता. त्याने तो काढला, शर्टाला पुसला आणि त्यांच्यापुढे धरला. “घ्या, बाबा. डोक्यावरच होता.”

वडिलांनी वर बघितलं. चष्मा घ्यायला त्यांनी हात उचलला आणि तो अर्ध्यावरच थांबला.

“थांब,” ते म्हणाले. “असाच धर जरा.”

फोन पुन्हा वाजला. बत्तिशीने तो वाजू दिला. खांदा भरून येईपर्यंत त्याने हात हलवला नाही.