मोकळं टोक

तमिळ मुलखातल्या इरुंगाट्टुकोट्टैच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ऋजुता लागली ती प्लॅनिंग खात्यात. गाव सांगली, वय चोवीस, शिक्षण मेकॅनिकलचं. पण तिला कॉम्प्युटरची भीती वाटत नाही, एवढ्या भांडवलावर मॅनेजर राजगोपाल सरांनी २००४च्या जुलैत कारखान्याचं नेटवर्क नव्यानं उभारायचं काम तिच्या गळ्यात मारलं. नाही म्हणायची सोय नव्हती. ऑक्टोबरात प्रोबेशन संपणार होतं आणि तिला कायम करायचं की नाही, हे तेच ठरवणार होते.

ऋजुताबाईंनी पुस्तकं आणली आणि आठवडाभर स्वतःचाच गोंधळ वाढवला. कारखान्यातलं जुनं नेटवर्क म्हणजे एकच लांब वायर आणि तिच्यावर सगळे कॉम्प्युटर. खर्च थोडा, पण वायर मध्ये कुठं तुटली की सगळेच ठप्प. दुसरा प्रकार गोलाचा. त्यात निरोप एकाकडून दुसऱ्याकडे फिरत जातो, प्रत्येकाला पाळी मिळते, पण एकानं अंग टाकलं की फेरीच मोडते. तिसऱ्यात मधोमध स्विच नावाचा डबा, आणि प्रत्येकाची वेगळी वायर त्या डब्यात. वायर ढीगभर लागते, डबा गेला तर सगळंच गेलं, पण एक वायर तुटली तर एकच माणूस अडकतो. तिनं हा तिसरा निवडला आणि सरांना लेखी दिलं, 'एकाच्या बिघाडानं सगळे थांबणार नाहीत.' या वाक्यावर ती स्वतःच खूश होती.

वायरी ओढल्या व्यंकोजीरावांनी. हे कारखान्याचे इलेक्ट्रिशियन, तंजावरकडचे मराठी, डिसेंबरात निवृत्त होणारे. ऋजुता मराठी बोलते म्हटल्यावर त्यांनी तिला लेकीसारखं धरलं होतं. दोन महिने सगळं सुरळीत चाललं.

मग आयुधपूजा आली. इकडे त्या दिवशी प्रत्येक यंत्र पुसून, चंदन-कुंकू लावून पूजेला ठेवतात आणि हात लावत नाहीत. व्यंकोजीरावांनी लेथपासून स्विचच्या डब्यापर्यंत सगळं सोडवून पुसलं आणि पुन्हा जोडलं. सुट्टी संपली, सकाळी आठला कारखाना उघडला, आणि बाराच्या बारा कॉम्प्युटर एकदम थिजले.

ऋजुता डब्याकडे धावली. वायर तुटली म्हणावी तर एकही तुटली नव्हती. डबा मेला म्हणावा तर त्यावरचे दिवे वेड लागल्यागत लुकलुकत होते. बंद करून चालू केला की दोन-चार सेकंद सगळं चाले, की पुन्हा ठप्प. असा रोग तिच्या पुस्तकात कुठंच नव्हता. बाहेर श्रीपेरुंबुदूरला जाणारा ट्रक कॉम्प्युटरवर निघणाऱ्या मालाच्या चिठ्ठीसाठी खोळंबलेला, आणि राजगोपाल सर दर पाच मिनिटांनी दारात येऊन नुसतेच बघून जात होते.

"काका, तुम्ही पुसताना काही सैल राहिलं नाही ना?"

"छे गं! सगळें नीट बसवलें. तूं एक वायर लोंबती सोडली होतीस, ती देखील बसवली. उघडें टोक म्हणजे मरण, अम्मा. माझा सोबती त्यानेंच गेला, माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हांपासून मी एकही टोक मोकळें ठेवीत नाहीं. थांब, मी फ्यूज पाहून येतों." ते टेस्टर घेऊन गेले.

ऋजुतानं डब्यात खोचलेली टोकं मोजली. कॉम्प्युटर बारा, टोकं चौदा. गेटवरच्या नव्या कॉम्प्युटरसाठी तिनं एक वायर गुंडाळून ठेवली होती, एक टोक डब्यात, दुसरं मोकळं. आता दोन्ही टोकं त्याच डब्यात होती! एका भोकातून निघालेला निरोप दुसऱ्यातून परत आत येत होता, पुन्हा निघत होता, आणि त्या गर्दीत बाकी कुणालाच वाट मिळत नव्हती. तिनं एक टोक उपसलं. दिवे शांत झाले. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी हुश्श केलं.

"काय झालं होतं? कुणी केलं?" राजगोपाल सरांनी विचारलं. तिचं कायम होण्याचं पत्र टाइप होऊन त्यांच्या सहीसाठी पडलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

काय सांगावं? काकांनी केलं, हे खरं. मोकळी वायर कशासाठी ठेवली हे तिनं त्यांना कधी सांगितलं नाही, हेही खरं. आणि अडतीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसाच्या हातून एक चूक झाली नव्हती, त्याच्या जाण्याआधी ही पहिली नोंदवायची? ती फार घाबरली होती. तोंडातून गेलं, "माझी चूक, सर. वायर चुकीच्या जागी लागली."

सरांनी पत्र खणात टाकलं. प्रोबेशन तीन महिने वाढलं.

दुपारी सगळं कानावर आल्यावर व्यंकोजीराव सरांच्या खोलीत गेले आणि बराच वेळ तमिळमध्ये बोलले. दारातून ऋजुताला एकच शब्द कळला, 'पावम', म्हणजे बिचारी. तिला वाटलं, कबूल करताहेत. खोटं कशाला बोलावं, थोडं बरंही वाटलं.

ते बाहेर आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडूं नकोस. चूक कोणाकडूनही होते. साहेबांस सांगितलें, पोरगी हुशार आहे, वायरीचें काम तेवढें कोणी शिकवलें नाहीं. डिसेंबरपर्यंत मी शिकवतों म्हटलें, तेही हो म्हणाले."

ऋजुताला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना.

"उद्यां नऊला ये, वही घेऊन."

"येते, काका," ती म्हणाली.