दौलतरावांनी चालवलेली रायफल

धर्मराज मेश्रामच्या बेसमेंटमध्ये हत्ती मारायची रायफल आहे, आणि झूमधले सोडले तर अमेरिकेतल्या आख्ख्या जॉर्जिया राज्यात हत्ती नाहीत. हे उपासनानं नवऱ्याला सहा वर्षांत इतक्या वेळा ऐकवलं होतं की आता ती नुसती जिन्याकडे पाहून सोंड हलवल्यासारखा हात हलवायची. धर्मराजचं उत्तरही ठरलेलं होतं. हत्तीसाठी थोडीच घेतली. मग कशासाठी, ते मात्र त्याला अल्फारेटात कुणालाच धड सांगता आलं नव्हतं.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक मराठी पुरुषाला इथे काहीतरी लागतं. कुणी मॅरेथॉन पळतो, कुणी परसात मधमाश्या पाळतो, कुणी ढोलपथक काढतो. धर्मराजला ही फोर फिफ्टी-एट बोअरची रायफल लागली. साडेचार किलो वजन, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, बोटभर लांब आणि बोटाएवढंच जाड काडतूस. तो रोज सकाळी पंचशील म्हणायचा आणि त्यातलं पहिलं शील त्यानं कसोशीनं पाळलं होतं. सहा वर्षांत त्याच्या हातून पाण्याचे कॅन आणि हॅलोविननंतर उरलेले भोपळे यांखेरीज कुणाचा जीव गेला नव्हता.

पण चाप ओढला की जे व्हायचं त्याला तोड नव्हती. धक्का खांद्यातून शिरून दातांपर्यंत जायचा, छातीतली हवा कुणीतरी काढून घ्यायचं, आणि पुढचे दहा सेकंद माणसाला मॅनेजर नसायचा, डेडलाइन नसायची, उच्चार नसायचे. आडनावही नसायचं. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणात "मेश्राम म्हणजे नागपूरकडचे ना?" असं विचारून "अच्छा, अच्छा" म्हणत पुन्हा पुलावाकडे वळणारी माणसं धर्मराजच्या नीट लक्षात होती. त्या दहा सेकंदांत ती कुणीच आठवायची नाहीत.

आणि या सगळ्याच्या बुडाशी बाबा होते.

दौलतराव मेश्राम, वय सत्त्याहत्तर, पोस्टातून निवृत्त. सोळाव्या वर्षी नवेगावच्या जंगलात नागपूरच्या एका शिकार कंपनीकडे हाकाऱ्याच्या कामाला होते. तेव्हा अमेरिकेतून साहेब लोक वाघ मारायला यायचे. पोरं डबे वाजवत रान उठवायची आणि साहेबांच्या रायफली वाहायची. वाहायच्या, चालवायच्या नाहीत. पण एकदा एका साहेबानं आपली भलीमोठी रायफल या पोराच्या हातात दिली आणि चालव म्हणाला. पोरानं चालवली. पहिल्याच गोळीत झाडाला टांगलेला मटका फुटला, सागाची पानं झडली, आणि साहेबानं पुढे येऊन हात मिळवला.

ज्या गावात विहिरीवर बादली लांबून ओतत होते, त्या गावातल्या पोराशी साहेबानं हात मिळवला. धर्मराजनं ही गोष्ट लहानपणी शंभरदा ऐकली होती. वस्तीत दौलतरावांना अजून गोळीवाले बाबूजी म्हणत. धर्मराज कर्ज काढून इंजिनिअर झाला, व्हिसाच्या रांगेत केस पिकवून सिटिझन झाला, आणि पहिली मोठी खरेदी म्हणून त्यानं त्या गोष्टीतल्यासारखी भलीमोठी रायफल घेतली. घेतली स्वतःसाठी. पण ती एकदा बाबांच्या खांद्याला लावायची, हे घेतानाच ठरलं होतं.

बाबा तीन महिन्यांसाठी आले आणि पहिल्याच दिवशी त्यांना बेसमेंटमध्ये नेलं. त्यांनी रायफल हातात घेतली ती अशी की धर्मराज बघतच राहिला. बोल्ट उघडून आत पाहिलं, नळी जमिनीकडे केली, रुमालानं बोटांचे ठसे पुसले आणि दोन्ही हातांनी परत दिली. "मस्त आहे," म्हणाले. नेमबाजीच्या रेंजवर जाण्याचं मात्र टाळत राहिले. कधी गुडघा, कधी थंडी, कधी नुसतंच पाहू. धर्मराजला वाटलं, म्हातारपणाचा संकोच.

शेवटी नागपूरहून नातवानं, आयुषनं, कोंडी केली. विहारात सगळ्यांना सांगून ठेवलंय, आजोबा, व्हिडिओ पाठवा. परतीच्या विमानाला नऊ दिवस उरले होते. दौलतराव म्हणाले, चला मग.

धर्मराजनं तयारी काटेकोर केली. रेंजवरच्या डेलकडून दारू कमी भरलेली काडतुसं बनवून घेतली, दोन रबरी पॅड घेतले, बसून नेम धरता येईल असं टेबल आधीच सांगून ठेवलं. म्हाताऱ्या माणसाला जेवढा धक्का सोसेल तेवढाच. एवढ्या बारकाईनं त्यानं कधी ऑफिसचं कामही केलं नव्हतं.

रेंजवरच्या मंडळींचा एक रिवाज होता. नवा माणूस आला की त्याच्या हातात काही न सांगता सगळ्यात मोठी रायफल द्यायची. दस्ता खांद्याला घट्ट दाबायचा असतो, पुढे झुकून उभं राहायचं असतं, हे त्याला कुणी सांगायचं नाही. रायफल झेलायला एक जण मागे उभा, बाकीचे फोन काढून समोर. माणूस पडतो, सगळे हसतात, मग त्याला बिअर मिळते आणि तो आपला होतो. धर्मराजही असाच पडला होता. त्याच्या फोनमध्ये असे सतरा व्हिडिओ होते, पहिला त्याचा स्वतःचा. पडल्यावर वर पाहिलं तर सगळे आपल्याकडे बघून हसत होते, आणि सतरा वर्षांत या देशात आपल्याकडे कुणी इतक्या मोकळेपणानं पाहिलं नव्हतं, असं तो सांगायचा.

त्या शनिवारी अठरावा होता पुण्याचा निमिष. धर्मराजच्या टीममध्ये नवा, चष्मा, नवे कोरे बूट. धर्मराजनंच त्याला बोलावलं होतं. आधी निमिषचं उरकू, वातावरण हलकं होईल, मग बाबा, असा त्याचा विचार.

दौलतराव मागच्या बाकावर कानाला आवाज अडवणारे हेडफोन लावून बसले होते, आयुषनं सांगितल्याप्रमाणे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

निमिषनं रायफल पोटाशी बाळ धरतात तशी धरली. डेलनं डोळा मारला. धर्मराजनं फोन आडवा केला. आवाज झाला, लाल माती उडाली, आणि निमिष मागच्या मागे बसला तो आडवाच झाला. चष्मा एका कानाला लोंबत होता. डेल मांड्या थोपटत होता. सगळ्यात मोठ्यानं हसत होता धर्मराज.

हसता हसता त्यानं बाबांकडे फोन वळवला, तेही हसत असतील म्हणून. ते उठून उभे राहिले होते. दोन्ही हात पाठीशी, पाय जुळवलेले, नजर जमिनीला. नागपूरच्या पोस्टात मोठा साहेब यायचा तेव्हाही ते असे उभे राहिल्याचं धर्मराजनं कधी पाहिलं नव्हतं.

निमिष उठला, कपडे झटकले, तोही हसला. खांदा चोळत म्हणाला, "यार धर्मराज, सांगायचं तरी."

"सांगितलं तर मजा काय," धर्मराज म्हणाला आणि बाबांना हाक मारली. टेबल तयार आहे, पॅड लावलेत, तुम्हाला काही होणार नाही.

दौलतराव आले. टेबलाशी बसले नाहीत. मागच्या माणसानं झेललेली रायफल त्यांनी घेतली, बोल्ट उघडून रिकामं काडतूस काढलं, नळी पुसली. मग वाकून मातीतली इतर रिकामी काडतुसं वेचायला लागले. एकेक फुंकर मारून खिशात. डेल म्हणाला की हा माणूस पगारावर ठेवायला पाहिजे. मस्करी साधीच होती.

"बाबा, राहू द्या ते. बसा ना. सगळे थांबलेत."

"फोटू काढाले थांबलेत?"

"व्हिडिओ. आयुषला पाठवायचाय."

दौलतरावांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली. उजव्या बाजूचं गळ्याखालचं हाड मध्येच गाठ मारल्यासारखं वर आलेलं होतं. ते लहानपणापासून तसंच होतं. झाडावरून पडलो, असं ते सांगायचे.

"असंच उभं केलं होतं मले," ते म्हणाले. आवाज खाली, फक्त मुलाला ऐकू जाईल एवढा. "दोन नळ्यांची होती. म्हणे दोन्ही चाप संगंच ओढ. मले काय माहीत. पाच साहेब होते, अन् कंपनीचा मॅनेजर, तो आपलाच, नागपूरचा. तोच सगळ्यात जास्त हसला."

धर्मराजनं फोन खिशात घातला. हात जरा वेळ खिशातच राहिला.

"मटका?"

"मटका कुठचा. आभाळात गेली गोळी."

पुढचा प्रश्न विचारू नये हे त्याला कळत होतं. चाळीस वर्षं तो ज्या गोष्टीवर उभा होता तिच्यातलं एकच वाक्य उरलं होतं.

"पण साहेबानं हात मिळवला ना, बाबा?"

दौलतरावांनी बटणं पुन्हा लावली. वरचं आधी, मग खालचं.

"हात त्याचा कॅमेऱ्यात गुतला होता." मग झाडांपलीकडच्या हायवेकडे पाहत म्हणाले, "इथंच असंल तो फोटू. कोणाच्या तरी घरी, अल्बमात. आल्यापासून मले तेच वाटते. रस्त्यानं म्हातारा गोरा दिसला का मी तोंड फिरवतो."

धर्मराजनं बाकीच्यांना सांगितलं की बाबांना बरं वाटत नाहीये. कमी दारूची काडतुसं डेलनं परत डब्यात ठेवली. परतीचा रस्ता तासाभराचा होता. एकदा सिग्नलला थांबल्यावर धर्मराज माफी मागायला वळला, तर बाबा खिशातली काडतुसं मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी ती गाडीच्या कपाच्या खळग्यात ओळीनं उभी केली.

घरी येऊन त्यानं फोन उघडला. निमिषचा व्हिडिओ डेलनं तोवर ग्रुपवर टाकलेला होता, एक्केचाळीस जणांना आवडला होता. धर्मराजनं आपल्याकडचा अठरावा पुसला, मग सतरावा. पहिल्यापर्यंत आला आणि थांबला. मातीत बसलेला, तोंड उघडं, वर पाहून हसणारा माणूस. तो सहा वर्षं ज्याला मोकळेपणा समजत होता ते स्वतःचं हसू त्यानं आवाज बंद करून पुन्हा पाहिलं. आवाजाशिवाय ते हातापाया पडणाऱ्या माणसासारखं दिसत होतं. त्यानं तोही पुसला. काही हलकं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयुषचा व्हिडिओ कॉल आला. विहाराच्या व्हरांड्यात वीसपंचवीस माणसं दाटीनं उभी. उपासनानं फोन सोफ्यासमोर टेकवून ठेवला आणि दोघा बापलेकांना शेजारी बसवलं.

"आजोबा, चालवली का?"

दौलतराव सावरून बसले. धर्मराज त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. आता ते सांगतील, असं त्याला क्षणभर वाटलं. सांगावं, असंही वाटलं. दोघांचीही सुटका झाली असती.

"चालवली ना," दौलतराव म्हणाले. "पहिल्याच गोळीत पाण्याचा डबा फुटला. इथले गोरे पाहतच राहिले."

तिकडे टाळ्या झाल्या. कुणीतरी विचारलं, मग? मग काय झालं, बाबूजी?

"मग त्यायच्यातला एक म्हातारा आला," दौलतराव म्हणाले, "अन् हात मिळवला."

"व्हिडिओ पाठवा ना, मामा," आयुष म्हणाला.

सगळे धर्मराजकडे पाहत होते. बाबा पाहत नव्हते. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते.

"फोनची बॅटरी गेली होती रे," धर्मराज म्हणाला. "पण मी होतो तिथं. मी पाहिलं."