पट्टीखालचे देठ

वनस्पती संग्रहालयात बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. फुलोऱ्याच्या प्रकारांची व्याख्या करावी ती बाईंनीच. सगळे देठ एकाच बिंदूतून निघाले तर छत्री. दांड्यावर वेगवेगळ्या जागांहून निघून माथ्याशी एका पातळीत आले तर गुलुच्छ. वीस वर्षं वाळवलेले नमुने तपासून त्यांनी परिभाषेचा कोश रचला होता. छत्रीला उदाहरण दिलं होतं त्यांनी स्वतः नोंदवलेल्या पांढऱ्या फुलांच्या झुडपाचं.

आता कोश छापायला जायचा, तर त्याच झुडपाच्या चित्रात देठ वेगवेगळ्या जागांहून निघालेले! चित्रकार कोण, तर बाईंचा सख्खा धाकटा दीर. मुखपृष्ठावर नाव नाही म्हणून स्वारी महिनाभर फुरंगटलेली. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"भावोजी, चित्र चुकलंय."

"वहिनी, मागच्या कुंपणाशी उभं राहून जिवंत झुडूप बघून काढलंय."

"मग मी काय वीस वर्षं डोळे मिटून बसले होते?"

तो हसला. ते हसणं बाईंना मुळीच आवडलं नाही. त्यात काल तो नमुने चिकटवणाऱ्या मावशींशी कुजबुजत होता आणि बाई दिसताच गप्प झाला. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. कोशाचं हसं करायचं, दुसरं काय! सकाळी बाईंनी प्रमुखांना चिठ्ठी लिहिली: चित्रकार जाणूनबुजून चुकीची चित्रं घुसडत आहेत.

दुपारी पुरावा जमवायला त्यांनी कपाटातून त्या झुडपाचे सगळे नमुने काढले. भिंग लावलं. प्रत्येक कागदावर, देठ फुटतात नेमक्या त्याच जागी, पांढरी कागदी पट्टी.

"मावशी, पट्टी इथेच का लावता?"

"तिथेच मोडतं ना, बाई. वाळलं की देठ तिथूनच सुटतात. म्हणून सगळे गोळा करून एका पट्टीखाली दाबते. काल तुमचे दीर म्हणत होते, पट्टी सोडवून बघू का. मी म्हटलं, बाईंना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

बाईंनी ओला कुंचला फिरवला. पट्टी सुटली. दांड्यावर देठ सुटल्याच्या खुणा: एक वर, दुसरी बोटाच्या पेराएवढी खाली, तिसरी त्याहून खाली. दुसरा कागद तसाच. तिसराही. गुलुच्छ! बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मागचं कुंपण खिडकीतून दिसत होतं. तिथवर त्या कधी गेल्याच नव्हत्या.

तेवढ्यात प्रमुख दारात आले. "बाई, चिठ्ठी मिळाली. तुमच्या दिरांना आजच कामावरून मोकळं केलं. तुमचा शब्द असल्यावर चौकशी कशाला?"

बाई जिना उतरून धावत सुटल्या. दीर फाटकाशी पोचला होता, खांद्याला रंगांची पिशवी.

"भावोजी, चित्र बरोबर आहे. मीच चुकले."

"ते मला ठाऊक आहे, वहिनी." त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "कुंपणाशी येऊन बघायला पाच मिनिटं लागली असती. चिठ्ठी लिहायला किती लागली?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अख्खी सकाळ," त्या म्हणाल्या. "भाषा चोख हवी म्हणून दोनदा लिहिली."