वहीत लिहिलेलं ‘बरोबर’

आईबापांनी हौसेने हरिश्चंद्र नाव ठेवलं, त्याची मी पार माती केली.

चौतीस सालच्या पावसाळ्यात मी मांडवी बंदराजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत होतो. विहिरींच्या पाण्याचे नमुने रॉकेलच्या दिव्यावर तापणाऱ्या पेटीत दोन दिवस ठेवायचे. आत अठ्ठ्याण्णव अंश फॅरनहाइट, म्हणजे अंगाइतकी ऊब हवी. पाण्यात जंतू असले तर त्या उबेत वाढतात, नसले तर पाणी चांगलं. पेटीतला थर्मामीटर खरा दाखवतो की नाही, हे दर महिन्याला वितळत्या बर्फात बुडवून बघायचं. तिथे पारा बत्तिसावर यायला हवा.

पण बर्फ यायचा मुंबईहून बोटीने, आणि पावसात बोटी बंद! अशा वेळी वहीत ‘पडताळणी झाली नाही’ असं लिहायचं. मी ‘बरोबर’ लिहीत गेलो. ‘झाली नाही’ दिसलं की डॉक्टरसाहेब कावायचे, आणि मला मेल्याला बोलणी खायची नव्हती. पेटी उघडली की हाताला झळ लागायची. बाहेर गारवा आहे म्हणून तसं वाटतं, अशी मीच माझी समजूत घातली.

आषाढात खंडू खारवी वाडीच्या विहिरीचं पाणी घेऊन आला. वाडीत जुलाब सुरू झाले होते. नमुना स्वच्छ निघाला. “प्या खुशाल!” मी ऐटीत सांगितलं. आठवड्याने त्याची तीन वर्षांची चिमा गेली. तरी मला शंका आली नाही.

नारळी पौर्णिमेनंतर पहिली बोट लागली. थर्मामीटर बर्फात बुडवला, तर पारा बारावर! पाऱ्याचा तुकडा तुटून नळीच्या वरच्या टोकाला अडकला होता. म्हणजे थर्मामीटर वीस अंश कमी दाखवत होता, पेटी तितकीच जास्त तापत होती, आणि जंतू मीच भाजून मारत होतो. वाडी अजून तेच पाणी पीत होती.

डॉक्टरसाहेबांना सांगितलं आणि तसाच वाडीवर धावलो. लाजेने मान वर होईना. खंडूला सगळं सांगितलं, विहीर बंद करा म्हटलं. त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“ह्या बकुळाला सांगा,” तो बायकोकडे बोट दाखवून म्हणाला. “तिनं आदल्या दिशी पोरीला शिळा मासा भरवला व्हता. आपल्याच हातानं मारली म्हनते. तवापासून धड जेवली नाय.”

बकुळा चुलीपाशी बसली होती. मी उंबऱ्यावरूनच हात जोडले. “बाय, तुमचा दोष नाही. पाणी वाईट होतं. चूक माझी.”

तिने नवऱ्याकडे वळून विचारलं, “मग मी जेवू आता?”